ओटीतला आवाज

भाटपेठेच्या लेकी तारकोंडात द्यायच्या, हा रिवाज किती जुना ते आज कुणालाच सांगता येणार नाही. दोन गावांच्या मध्ये डोंगराचं एक नाक समुद्रात घुसलेलं. दक्षिणेला तारकोंड, उत्तरेला भाटपेठ. होडीने वळसा घातला की चुलीवरचा भात शिजेपर्यंत माणूस पलीकडे. त्यामुळे लेक दिली तरी दूर गेली असं कधी वाटायचं नाही. आणि दिलेल्या लेकीचा एक हक्क माहेरच्या खडपावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खडकांवर राहायचा. शिमग्याच्या उधाणाला ओहोटी अशी लागते की एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. त्या दिवशी माहेरवाशिणीने रिकामी पाटी घेऊन यायचं आणि भावजयीने स्वतःच्या हाताने दगडाला चिकटलेली कालवं काढून ती भरून द्यायची. तिला माहेरची पाटी म्हणत.

शालन सारंगने अशा चाळीसेक पाट्या तरी डोक्यावरून नेल्या असतील. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीची तिला अजून आठवत होती. विमलवहिनीने पाटी इतकी शिगोशीग भरली होती की होडीत बसताना तिचा तोल गेला आणि अख्खी होडी हसली होती. घरी गेल्यावर सासूने ती कालवं ओलं खोबरं नि तिरफळ घालून केली. शालनने पहिला घास घेतला आणि तिला रडू कोसळलं. सासू म्हणाली होती, "रडतेस कशाला गो? मीठ बरोबर झालंय."

त्या वेळी दोन्ही गावांची खडपं जिवंत होती.

तारकोंडचं खडप मेलं ते काही एका दिवसात नाही. पाणी दरसाल थोडं थोडं तापत गेलं. मग लागोपाठ दोन उन्हाळे असे आले की ओहोटीला उघडी पडलेली कालवं दगडावरच शिजली. शिंपा उघडून पडल्या आणि गावाला महिनाभर वास सहन करावा लागला. भाटपेठेचं खडप वाचलं, कारण त्याच्यावर कड्याची सावली पडायची आणि खडकाखालून गोड्या पाण्याचा गार झरा यायचा. तारकोंडला ना सावली, ना झरा. कालवं काढायच्या कोयत्या खुंटीला लागल्या. शालनचा मुलगा ओंकार गुजरातच्या बोटीवर गेला आणि वर्षातून दोनदा पाहुण्यासारखा घरी येऊ लागला. त्याची बायको आरोही मोबाइलवर त्याचं तोंड बघून जेवायची.

अशा वेळी रेहाना मुकादम गावात आली. समुद्रशास्त्राची डॉक्टर, पण दाभोळकडच्या मासेमारांच्या घरातली. त्यामुळे ती पायातली चप्पल काढून खडपावर उतरली तेव्हा बायकांना बरं वाटलं. तिने सगळ्यांना शाळेच्या पडवीत बसवलं.

"कालवाचं पिल्लू मोहरीच्या दाण्याहूनही बारीक असतं," ती म्हणाली. "दोन-तीन आठवडे ते पाण्याबरोबर वाहत राहतं. मग त्याला एकदाच ठरवायचं असतं, कुठे बसायचं. बसलं की बसलं. आयुष्यभर त्याच दगडावर. चुकीच्या जागी बसलं की मेलं."

"आमच्यासारखंच," कुणीतरी म्हणालं आणि बायका खिदळल्या.

"मग ते ठरवतं कसं? त्याला डोळे नाहीत. पण त्याला आवाज कळतो." रेहानाने खिशातून छोटा स्पीकर काढून लावला. कढईत तीळ तडतडावेत तसा आवाज येऊ लागला. "हे जिवंत खडप. पाण्याखाली असं वाजत असतं. बोटाएवढी कोळंबी असते, तिची एक नांगी मोठी. ती नांगी मिटते तेव्हा पाण्यात बुडबुडा फुटतो, त्याचा हा तडतडाट. खेकडे चालतात, मासे दगड खरवडतात, ते सगळं यात आहे. असा आवाज आला की पिल्लाला कळतं, इथे वस्ती आहे, इथे जगता येईल. मग ते खाली उतरतं. तुमचं खडप मुकं झालंय. पिल्लं तुमच्या दारावरून जातायत, पण घरात कुणी आहे हे त्यांना कळत नाही."

उपाय सोपा होता. पाऊस सरून खाडीचं पाणी पुन्हा खारं झालं की पिल्लांचा हंगाम येतो. त्या हंगामात पाण्याखाली एक यंत्र सोडायचं, जिवंत खडपाचा आवाज वाजवणारं. वरून जाळीची सावली आणि बसायला जुन्या शिंपांचे ढीग. बायकांनी त्या यंत्राचं नाव लगेच ठेवलं, हाकाऱ्या.

रेहानाने त्याच दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली होती. "यंत्राने नवी पिल्लं तयार होत नाहीत हं. वाहत जाणारी आहेत तीच थांबतात."

"समुद्राला काय तोटा?" शालनच म्हणाली होती आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. समुद्र संपतो हे त्या बायकांनी कधी ऐकलं नव्हतं. मासे संपतात, कालवं मरतात, पण समुद्रातून वाहत येणारं काही मोजकं असतं, हे कुणाच्या डोक्यात शिरलंच नाही.

आवाज हवा होता जवळच्या, ओळखीच्या खडपाचा. म्हणजे भाटपेठेचा. शालन माहेरी विचारायला गेली.

"काय नेणार आमचं?" विमलवहिनीने विचारलं. ती शालनच्या थोरल्या भावाची बायको. बोलायला तिखट, हाताने सढळ.

"नुसता आवाज."

"आवाजच ना? कोंबडा आरवतो त्याचे दाम घेतो का आपण? न्या की, वन्सं, पाहिजे तेवढा."

रेहानाने पंधरवडाभर पाण्यात माइक सोडला. तो बाहेर काढला त्या दिवशी विमलने शालनला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, आणि तांदूळ, नारळ, खण यांच्यावर ती आवाजाची काळी डबी ठेवून तिची ओटी भरली. "रिकाम्या हाताने माहेरची लेक कशी पाठवू? घे, भाटपेठेचं खडपच तुझ्या ओटीत घातलं," ती म्हणाली. होडीतून आलेल्या तारकोंडच्या सगळ्या बायका ते बघत होत्या. रेहानाने फोटोही काढला.

हाकाऱ्याने पहिल्याच हंगामात काम केलं. शिंपांवर राखाडी ठिपके दिसू लागले. दुसऱ्या वर्षी ते नखाएवढे झाले, तिसऱ्या वर्षी कोयत्या खुंटीवरून उतरल्या. बायकांची संस्था झाली, शालन तिची अध्यक्ष. किनाऱ्यावर शेड आली, बर्फाची पेटी आली. ओंकार बोटीवरून कायमचा परतला आणि शेडमध्ये कालवं धुण्या-भरण्याचं काम पाहू लागला. आरोही आता त्याच्यावर समोरासमोर खेकसायची, आणि त्यात तिला कोण आनंद व्हायचा.

या सगळ्या वर्षांत शालन शिमग्याला पाटी घेऊन माहेरी जातच होती. पाटी भरूनच यायची. पण शालन घाईत असायची. संस्थेची अध्यक्ष होती, ओहोटीला दोन्हीकडे असायला हवं होतं. पुळणीच्या वाळूवरच पाटी घ्यायची, विमलच्या पाया पडायचं आणि निघायचं, असं चाललं होतं.

त्या वर्षी होडीचं इंजिन बिघडलं आणि तिला थांबावं लागलं. म्हणून ती खडपावर उतरली.

कड्याच्या सावलीत विमल वाकून कोयतीने दगड खरवडत होती. आजूबाजूचा दगड काळाभोर, गुळगुळीत होता. शालनने पाटीत हात घातला. वर मोठी कालवं होती, खाली नखाएवढी. एरवी अशी काढली तर सासू हातावर मारायची.

"वहिनी, ही पोरं कशाला काढलीस?"

"मग पाटी कशाने भरू? तुझ्या नवऱ्याच्या टोपीने?"

"बाकीची कुठायत?"

विमलने पाठ सरळ केली. "तीन वर्षं झाली, नवी बसतच नाहीत. जुनी होती ती आम्ही खाल्ली, विकली. मोठ्यांतली शेवटची तुझ्या पाटीत वर आहेत."

"मला सांगितलं का नाहीस?"

"लेकीला काय सांगायचं? माहेर सुकलंय म्हणून?"

शालनने पाटी उचलली. ती तिथेच ओतून द्यावी असं तिला वाटलं, पण तसं केलं असतं तर विमलने जन्मभर तोंड पाहिलं नसतं. ती पाटी तिने डोक्यावर घेतली आणि घरी आणली. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने रेहानाला फोन केला. रेहानाने सगळं ऐकून घेतलं.

"पावसानंतर किनाऱ्याचं पाणी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतं, मावशी. पिल्लं आधी तुमच्या दारावरून जातात, मग भाटपेठेच्या. तुमचा हाकाऱ्या त्यांना थांबवतो. पुढे फार थोडी जातात. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पण नीट समजावून नाही सांगितलं. खरं सांगू? तुमचं खडप वसावं एवढंच तेव्हा डोळ्यासमोर होतं."

"मग भाटपेठेलाही एक यंत्र दे."

"यंत्र द्यायची योजना मेलेल्या खडपासाठी आहे. भाटपेठ कागदावर जिवंत आहे. आमच्या ऑफिसात एक जुनं यंत्र पडून आहे, ते मी देऊ शकते. पण तुमचं चालू असेपर्यंत त्याचा उपयोग नाही. वाटेवरच्या पहिल्या घराने सगळे पाहुणे ठेवून घेतले, तर पुढच्या घराने कितीही हाका मारल्या तरी कोण येणार?"

शालनने आधी सोपा मार्ग धरला. संस्थेत ठराव केला की दर ओहोटीला भाटपेठेला दहा पाट्या कालवं पाठवायची. सगळ्यांना पटलं. पहिली होडी भरून गेली आणि तशीच भरलेली परत आली. विमलचा निरोप होता, "लेकीच्या घरचं खाऊन माहेर जगत नाही. एवढीही आमची चूल विझलेली नाही."

होडी परत आणणारा शालनचा नवरा यशवंत होता. तो म्हणाला, "मला मात्र जेवायला घातलंन. पापलेट. जावयाला चालतं म्हणे."

"तुम्हाला पापलेटचं पडलंय!"

"मग काय उपाशी येऊ? भांडण तुमचं चाललंय, बायांचं."

दसऱ्याच्या आधी सभा बोलावली. शालन म्हणाली, या हंगामाला हाकाऱ्या बंद ठेवू. एक हंगाम भाटपेठेला जाऊ दे.

पडवीत बसलेल्या निम्म्या बायका भाटपेठेच्या लेकी होत्या. तिला वाटलं होतं त्या तरी हात वर करतील. सुगंधा मोंडकर तिच्याच आळीतली, लहानपणी दोघी एकाच कोयतीने शिकलेल्या. सुगंधाच उभी राहिली. "शालन, जन्मले मी तिकडे, पण मरायचंय मला इकडे. माझा नातू इथे शाळेत जातो. मी माहेरासाठी रडेन, पण नातवाचं ताट काढून देणार नाही."

आरोही सासूसमोर कधी मोठ्याने बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "आई, हंगाम गेला की तिसऱ्या वर्षी खड्डा पडणार. तेव्हा शेडला काम नसेल. ओंकार पुन्हा बोटीवर जाणार. तुम्ही तुमचं माहेर वाचवताय, पण माझं घर मोडतंय."

हात मोजले. शालनचा ठराव पडला.

ती खाली बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "ठीक आहे. यंत्र गावाचं आहे, ते ठेवा. त्यातला आवाज माझा आहे. तो मी नेते."

"आवाज कुणाचा असतो काय गो?" सुगंधा हसली.

"तू होडीत होतीस ना त्या दिवशी? आवाज कुठे घातला विमलने?"

"तुझ्या ओटीत."

"ओटीत घातलेलं कुणाचं?"

पडवीतल्या प्रत्येकीच्या ट्रंकेत माहेरून आलेलं काहीतरी होतं. कुणाचा तांब्या, कुणाच्या बांगड्या, कुणाची नुसती एक पैठणीची किनार. घरात कितीही अडचण आली तरी त्याला नवऱ्यानेही हात लावायचा नाही, हे त्या सगळ्या आपापल्या सुनांना सांगत आल्या होत्या. स्त्रीधन म्हणून एकीने राखलं की मग दुसरीचं कसं नाकारणार? सुगंधाने पदर तोंडाला लावला आणि ती खाली बसली.

आरोहीच तेवढी उभी होती. "हरकत नाही," ती म्हणाली. "आता आपलं स्वतःचं खडप वाजतंय. आपण त्याचा आवाज भरू. तो कुणाच्या ओटीतला नाही."

सगळ्यांनी रेहानाला फोन लावला. रेहाना म्हणाली, हो, होईल. पण आवाज भरायचा तो खडप ऐन भरात वाजतं तेव्हा, म्हणजे याच हंगामात, आणि तेव्हा यंत्र बंद ठेवावं लागेल, नाहीतर यंत्राचाच आवाज परत भरला जाईल. मग तो साफ करून यंत्रात घालेपर्यंत या वर्षीची पिल्लं निघून गेलेली असतील.

"म्हणजे एक हंगाम," आरोही सासूकडे बघत म्हणाली. "तुम्हाला एकच हंगाम मिळाला, आई."

"एकच मागितला होता," शालन म्हणाली.

सुनेची बुद्धी तिला आवडली. हे मात्र तिने बोलून दाखवलं नाही. घरी गेल्यावर तिने दोन लुगडी, औषधाचा डबा आणि यंत्रातून काढून आणलेली ती काळी डबी पिशवीत भरली.

"कुठे?" यशवंतने विचारलं.

"माहेरी. बाळंतपणाला."

"या वयात? लोक माझं नाव घेतील गो!"

विमल पुळणीवर उभी होती. पिशवी आणि डबी बघून तिचा चेहरा कडक झाला. "माहेरचं दिलेलं परत घेऊन कोण येते, माहीत आहे ना? सासर सोडलेली."

"परत द्यायला नाही आले. राहायला आले. माझी वस्तू माझ्याबरोबर आली."

"कशाला राहायला?"

"पहिलं बाळंतपण कुठे करतात, वहिनी?"

"माहेरी."

"भाटपेठेच्या आवाजावर जी पोरं आली त्यांचं पहिलं बाळंतपण तारकोंडानं परस्पर उरकून घेतलं. चुकलं ते. आता माहेराने करायचं. खर्चही माहेराचा, कष्टही माहेराचे. मी नुसती खाटेवर बसून खाणार."

लेकीकडून काही घ्यायचं नसतं, हे विमलला जितकं पक्कं ठाऊक होतं, तितकंच हेही की दारात आलेली बाळंतीण परत पाठवायची नसते. "खाटेवर बसणारी मोठी," ती शेवटी म्हणाली. "उद्यापासून शिंपांचे ढीग लावायला ये. आळशी तेव्हाही होतीस."

रेहानाचं जुनं यंत्र आलं. भाटपेठेच्या खडपाचा कित्येक वर्षांपूर्वीचा आवाज त्याच्याच पोटात, त्याच पाण्यात वाजू लागला. शालन आणि विमल रोज ओहोटीला जाऊन शिंपा उलट्यासुलट्या करून बघायच्या आणि परत येताना भांडायच्या. बरेच दिवस काहीच नव्हतं. मग एका सकाळी विमलने एक शिंप डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, पुन्हा जवळ धरली. "माझा चष्मा घरी राहिला. तू बघ."

शालनने बघितलं. राखाडी ठिपके होते. तारकोंडात पहिल्या वर्षी आले होते तेवढे नाहीत, पण होते. विमलने ती शिंप हलक्या हाताने पाण्यात ठेवली आणि नाक शिंकरलं.

पौषात आरोही तिला न्यायला आली. बाळंतीण न्यायला सासरचं माणूस येतं, म्हणून ती आली असं म्हणाली, पण हसली नाही. अंगणातल्या चटईवर ती सासूच्या समोर बसली.

"आवाज चांगला भरला गेलाय. पुढच्या वर्षी यंत्र चालू करू. कसं, किती दिवस, ते तुम्ही आणि ह्या मामी ठरवा. मला भांडायचं ते भांडून झालं."

"आणि ओंकार?"

"गेला. बोटीवर. पुढच्या खड्ड्याची तजवीज आत्तापासून केलेली बरी, म्हणाला. पावसाच्या आधी येईल."

शालनने सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि आरोहीने तो बाजूला केला नाही.

तेवढ्यात खालून विमलची हाक आली. दोन होड्या पुळणीला लागत होत्या. होडीतल्या बायका अनोळखी होत्या, हातात रिकाम्या पाट्या. विमल त्यांच्याशी बोलून चढ चढून वर आली ती धापा टाकत.

"देवखोलच्या आहेत. आपल्या वर, उत्तरेचं गाव. म्हणतात, आमच्या खडपावर दोन-तीन वर्षं पिल्लं कमीच बसत होती, यंदा पार नाहीत. तुम्ही इथे पाण्यात काय वाजवताय ते बघायला आलोय म्हणे." ती शालनकडे बघत होती. "काय सांगू त्यांना? देवखोलला ना आपली लेक दिलेली, ना तिथली सून केलेली. कुठल्या नात्याने बोलायचं?"

आजवर जे काही शालनने केलं होतं ते नात्याच्या आधाराने. ओटी, पाटी, बाळंतपण. देवखोलच्या बाबतीत तिच्याकडे यांतलं काहीच नव्हतं. खाली पुळणीवर त्या बायका उन्हात उभ्या होत्या, कुणी पुढे येत नव्हतं.

आरोही चटईवरून उठली. ती स्वयंपाकघरात गेली आणि पाण्याची कळशी नि पेले घेऊन बाहेर आली.

"नातं नंतर बघू, मामी," ती म्हणाली. "लांबून वल्हवत आल्यात. आधी पाणी देते."

आणि ती चढ उतरून खाली गेली.